पेन स्टेटला शिक्षा, बेलरला सूट: गुन्हा दडपणाऱ्या कॉलेजचं खेळाच्या संस्थेने काय करावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या माणसाने गंभीर गुन्हा केला आणि वरच्यांनी तो दाबला, तर कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने विद्यापीठाला शिक्षा करावी का? पोलीस आहेत, न्यायालयं आहेत. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने यात का पडावं?

करावी. मात्र शिक्षा गुन्हा घडल्याबद्दल नसावी. गुन्ह्याची कुणकुण लागल्यावर क्रीडा विभागाने काय केलं, याबद्दल असावी. आणि ती आधी लिहून ठेवलेल्या नियमाखाली, स्वतः चौकशी करून द्यावी. २०१२ साली एनसीएएने पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीला, म्हणजे पेन स्टेटला शिक्षा केली तेव्हा हेतू रास्त होता, पण नियम तयार नव्हता आणि चौकशी उसनी होती. ते प्रकरण अंगाशी आलं. पुढे मिशिगन स्टेट आणि बेलर या विद्यापीठांच्या वेळी संस्थेने हात आखडता घेतला त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

आधी एनसीएएचं कायद्यातलं स्थान समजून घ्यायला हवं, कारण निम्मे वाद तिथेच अडकतात. ती सरकारी यंत्रणा नाही. हजाराहून अधिक कॉलेजं आणि विद्यापीठं स्वेच्छेने सभासद असलेली ती एक खासगी संघटना आहे. १९८८ साली बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी टार्केनियन यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने तिला सरकारी यंत्रणा मानायला नकार दिला. त्यामुळे आरोपीला राज्यघटनेने दिलेलं रीतसर सुनावणीचं संरक्षण तिच्यापुढे थेट लागू होत नाही. तिच्यावर बंधन असतं ते मुख्यतः तिच्या स्वतःच्या नियमावलीचं. म्हणून ती नियमावली तिनेच बाजूला ठेवली की तिच्या शिक्षेला आधार उरत नाही.

आता पेन स्टेट. जेरी सँडस्की तिथे तीस वर्षं फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉलचा) सहायक प्रशिक्षक होता आणि गरजू मुलांसाठी ‘सेकंड माइल’ नावाची संस्था चालवायचा. मे १९९८ मध्ये त्या संस्थेतला ११ वर्षांचा एक मुलगा ओल्या केसांनी घरी आला. आईने विचारलं तेव्हा सँडस्कीने विद्यापीठात आपल्यासोबत शॉवर घेतल्याचं त्याने सांगितलं. आईने तक्रार केली, विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, पण जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने खटला भरला नाही. पुढच्या वर्षी सँडस्की निवृत्त झाला. जाताना त्याला लॉकर रूम आणि व्यायामशाळा वापरण्याची मुभा मिळाली आणि मानद प्राध्यापकाचा दर्जाही मिळाला.

फेब्रुवारी २००१ मध्ये, शुक्रवारी रात्री, फुटबॉल संघाच्या लॅश इमारतीतल्या शॉवरमध्ये एका तरुण सहायकाने सँडस्कीला एका लहान मुलासोबत पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोंनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातलं. कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांनी आधी ठरवलं होतं की राज्याच्या बालकल्याण खात्याला कळवायचं. मग कर्लींचा ईमेल आला: जो यांच्याशी बोलल्यावर हे आपल्याला पटेनासं झालंय, आधी सँडस्कीशीच बोलू. स्पॅनियर यांनी होकार दिला. त्यांच्या उत्तरात धोक्याची जाणीवही होती: तो ऐकला नाही, तर आपण कळवलं नाही म्हणून आपणच अडचणीत येऊ. बालकल्याण खात्याला कुणीही कळवलं नाही. मुलांना आवारात आणू नकोस एवढी ताकीद मिळाली. सँडस्कीचं येणं-जाणं चालूच राहिलं, त्याला अटक झाली ती नोव्हेंबर २०११ मध्ये. जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध झाले आणि त्याला ३० ते ६० वर्षांचा तुरुंगवास झाला.

हे ईमेल वाचले की ‘खेळाचा काय संबंध’ हा प्रश्न उरत नाही. गुन्ह्याची जागा फुटबॉलची इमारत होती. मुलं जवळ यायची ती फुटबॉलच्या नावाला भुलून. आणि गप्प राहण्याचा निर्णय क्रीडा संचालकाने मुख्य प्रशिक्षकाशी बोलून फिरवला.

मग न्यायालयं पुरेशी का नाहीत? कारण फौजदारी कायदा एकेका माणसाकडे पाहतो आणि त्याला पुरावाही तसाच भक्कम लागतो. कर्ली आणि शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये मुलांना धोक्यात टाकल्याचा सौम्य श्रेणीतला गुन्हा कबूल केला, स्पॅनियर दोषी ठरले. प्रत्यक्ष गजाआड गेले ते दोन-तीन महिने. त्यातही स्पॅनियर यांची शिक्षा अपिलांच्या फेऱ्यांमुळे २०२१ पर्यंत लांबली. संस्थेवर कारवाई केली ती शिक्षण खात्याने, क्लेरी कायद्याखाली. विद्यापीठांनी आवारातल्या गुन्ह्यांची नोंद जाहीर करावी असं सांगणारा हा १९९० चा कायदा, आणि तो ज्या मुलीच्या नावाने आहे तिचा खूनही पेन्सिल्व्हेनियातल्याच एका वसतिगृहात झाला होता. २०१६ मध्ये पेन स्टेटला या कायद्याखाली सुमारे २४ लाख डॉलर दंड झाला. त्या घडीला तो विक्रमी होता. पण एनसीएएने पेन स्टेटच्या फुटबॉलचं एका वर्षाचं ढोबळ उत्पन्न धरलं होतं ६ कोटी डॉलर. दंड त्याच्या अवघा ४ टक्के. ज्या फुटबॉलच्या अब्रूसाठी तोंड बंद ठेवलं, त्या फुटबॉलपर्यंत पोहोचणारा हात फक्त खेळाच्या संस्थेकडे असतो.

एनसीएएने तो हात उचलला, पण कसा ते पाहा. नेहमीची वाट अशी: अंमलबजावणी विभाग चौकशी करतो, विद्यापीठाला आरोपांची लेखी नोटीस जाते, उत्तराला साधारण ९० दिवस मिळतात, मग नियमभंग समितीपुढे सुनावणी, लेखी निकाल आणि वेगळ्या समितीकडे अपील. पेन स्टेटच्या बाबतीत यातलं काहीही झालं नाही. विश्वस्तांनी चौकशीसाठी नेमलेले एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांचा अहवाल १२ जुलै २०१२ ला आला आणि २३ जुलैला शिक्षा जाहीर झाली. मध्ये ११ दिवस. फ्री यांच्या पथकाने ४०० हून अधिक लोकांशी बोलून आणि लाखो ईमेल चाळून मोठं काम केलं होतं. पण पॅटर्नो तोवर वारले होते आणि कर्ली-शुल्ट्झ यांच्यावर खटला असल्याने ते बोलले नव्हते. ज्यांच्या वागण्यावर सगळा निष्कर्ष उभा होता त्यातल्या तिघांचं म्हणणं अहवालात प्रत्यक्ष नव्हतंच. एनसीएएने तोच अहवाल आपला निष्कर्ष म्हणून स्वीकारला आणि विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांकडून संमतीपत्रावर सही घेतली. सही केली नाही तर काही वर्षं फुटबॉलच बंद, हे दडपण समोर होतं.

२०१४ मध्ये एका खटल्यातून एनसीएएचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. आपला पवित्रा म्हणजे ‘ब्लफ’ आहे, असा शब्द अधिकाऱ्यांच्याच पत्रव्यवहारात होता. आपल्या अधिकाराबद्दल त्यांनाच खात्री नव्हती. हा खटला राज्याचे सिनेटर जेक कॉर्मन यांनी लावला होता. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली आणि संमतीपत्राची जागा नव्या कराराने घेतली. त्यातून एक गैरसमज रुजला की एनसीएएला अशा बाबतीत अधिकारच नाही. न्यायालयाने तसं अंतिम ठरवलेलं नव्हतं. बुडाली ती कार्यपद्धती, पण लोकांनी तत्त्वच बुडालं असं धरलं.

त्या शिक्षेचे भाग सुटे करून पाहणं फार उपयोगाचं आहे, कारण त्यात टाकाऊ आणि टिकाऊ दोन्ही होतं.

१९९८ ते २०११ मधले ११२ विजय पुसले, त्यातले १११ पॅटर्नोंचे. हा भाग टाकाऊ. विजय रद्द करतात ते अपात्र खेळाडू मैदानात उतरवला असेल तर, म्हणजे निकालच दूषित असेल तर. इथे कोणत्याही खेळाडूची पात्रता संशयात नव्हती. नोंदवहीतली खाडाखोड एकाही मुलाला वाचवत नाही, उलट सगळी चर्चा पॅटर्नोंच्या आवारातल्या पुतळ्याभोवती आणि त्यांच्या एकूण विजयांच्या आकड्याभोवती फिरत राहिली. २०१५ च्या तडजोडीत ते विजय परत मिळाले आणि पॅटर्नोंचा आकडा पुन्हा ४०९ झाला.

शिष्यवृत्त्यांतली कपात जास्त बोचरी होती. एरवी फुटबॉल संघाला एकूण ८५ आणि दरवर्षी नव्या २५ शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्या ६५ आणि १५ वर आणल्या, शिवाय चार वर्षं मोसमानंतरच्या बाउल सामन्यांना बंदी. ६५ शिष्यवृत्त्यांवर संघ चालवायचा म्हणजे दुखापतींच्या काळात सरावाला एकेका जागेवर दुसरा तयार खेळाडू मिळायची मारामार, आणि मैदानावर आहेत त्यांच्यावर जादा भार. २०१२ च्या संघातली बरीच मुलं २००१ साली प्राथमिक शाळेत होती. त्यांना एका सवलतीने थोडं सांभाळलं: दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर एक वर्ष बाहेर बसावं लागणार नाही, लगेच खेळा. अशा प्रत्येक शिक्षेत ही सवलत पहिल्या दिवसापासून हवी. त्याबरोबर, खेळणं सोडलं तरी शिष्यवृत्ती राहील याची लेखी हमीही हवी.

६ कोटी डॉलरचा दंड मला पूर्ण योग्य वाटतो. वर्षाला १ कोटी २० लाख, पाच वर्षं, बाललैंगिक अत्याचार रोखण्यासाठी आणि पीडितांच्या मदतीसाठी. त्यातलं एक कलम फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण तेच कळीचं होतं: दंड भरायला विद्यापीठाने इतर कोणताही संघ बंद किंवा लहान करायचा नाही. हे कलम नसेल तर काय होतं ते ठरलेलं असतं. फुटबॉलचा दंड कुस्ती, पोहणं आणि मुलींच्या संघांच्या अंदाजपत्रकातून वळता होतो.

आणि खरं काम केलं ते देखरेखीने. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांना स्वतंत्र निरीक्षक नेमलं होतं. इमारतीत कोण कधी येतो, तक्रार कुणाकडे जाते, प्रशिक्षण किती जणांनी घेतलं, याचे अहवाल ते ठरावीक काळाने देत. त्यांच्या शिफारशीवरून आधी शिष्यवृत्त्या टप्प्याटप्प्याने वाढवल्या आणि सप्टेंबर २०१४ मध्ये बाउल बंदी उठवली. सुधारणा दाखवा, शिक्षा कमी होईल, हा सौदा विद्यापीठाला समजला आणि पाळताही आला.

आता दुसरी बाजू. मिशिगन स्टेटमध्ये लॅरी नासर हा डॉक्टर खेळाडूंवर उपचार करायचा आणि उपचाराच्या नावाखाली अत्याचार करायचा. विद्यापीठाने २०१८ मध्ये ३०० हून अधिक पीडितांशी ५० कोटी डॉलरची तडजोड केली. पुढच्या वर्षी शिक्षण खात्याने ४५ लाख डॉलर दंड केला. एनसीएएने मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये कळवलं की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. अंगावर काटा येतो तो इथे, कारण पेन स्टेटच्या प्रकरणातली मुलं खेळाडू नव्हती. इथे एनसीएए ज्यांच्या कल्याणासाठी आहे असं स्वतः सांगते, त्या खेळाडूच बळी होत्या.

बेलरचा निकाल नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. फुटबॉल खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबल्याचं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं, प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांची नोकरी गेली, अध्यक्ष केन स्टार यांचं पदही गेलं. एनसीएएकडे ‘गुन्हा दडपणं’ असं कलमच नव्हतं. म्हणून अंमलबजावणी विभागाने हाताशी असलेलं कलम वापरलं: सामान्य विद्यार्थ्याला न मिळणारा फायदा खेळाडूला दिला. हे कलम मुळात फुकट गाडी, फुकट जेवण अशा गोष्टींसाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये समितीने म्हटलं की विद्यापीठाचं नैतिक अपयश उघड आहे, पण तक्रारी न नोंदवण्याची सवय तिथे सगळ्याच विभागांत होती. खेळाडूंना वेगळी वागणूक मिळाली असं म्हणता येत नाही, म्हणून नियमभंग नाही. इतर बाबींसाठी चार वर्षांचं प्रोबेशन आणि ५,००० डॉलर दंड. कुजकेपणा जितका सर्वदूर, तितकी सुटका सोपी, असा याचा अर्थ होतो. समितीने कलमाचा अर्थ चुकीचा लावला असं मी म्हणणार नाही. कलमच चुकीच्या कामाला जुंपलं होतं.

बेलरवर पैशाचा दाब आणला तो त्यांच्या विभागीय संघटनेने, बिग ट्वेल्व्हने. तिने विद्यापीठाच्या वाट्याच्या महसुलाचा चौथा हिस्सा रोखून धरला. बाहेरच्या वकिलांनी सुचवलेल्या १०५ सुधारणा खरोखर झाल्यात का, याची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत तो सोडला नाही, आणि २०१८ मध्ये २० लाख डॉलर दंड केला. पैसा आधी अडवायचा, काम तपासायचं, मग सोडायचा. हे साधन अपिलात अडकत नाही आणि विद्यार्थ्यांच्या मैदानावरही येत नाही.

शिक्षा कुठे करू नये, तेही बेलरच सांगतं. २००३ मध्ये तिथल्या एका बास्केटबॉल खेळाडूचा त्याच्याच माजी सहकाऱ्याने खून केला. त्या खुनाबद्दल विद्यापीठाला शिक्षा झाली नाही आणि व्हायलाही नको होती. शिक्षा झाली ती प्रशिक्षक डेव्ह ब्लिस यांनी खेळाडूंची फी गुपचूप भरली आणि ते लपवायला मेलेला मुलगा अमली पदार्थ विकायचा असं भासवण्याचा घाट घातला म्हणून. एका सहायकाने ते बोलणं टेपवर घेतलं होतं. ब्लिस यांच्यावर दहा वर्षांचा शो-कॉज आदेश निघाला, म्हणजे त्या काळात त्यांना नोकरी देणाऱ्या कॉलेजला आधी एनसीएएपुढे जाब द्यावा लागणार होता.

तर नियम कसा असावा? तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच तो लागू व्हावा. गुन्ह्याचा क्रीडा विभागाशी प्रत्यक्ष दुवा हवा: माणूस, जागा, पैसा किंवा पीडित खेळाडू. प्रशिक्षक किंवा त्यावरच्या पदावरच्या व्यक्तीला माहिती मिळाल्याचा पुरावा हवा. आणि त्यानंतर न कळवणं, उशीर, तक्रारदारावर दबाव किंवा कागद गायब करणं यापैकी काही घडलेलं असावं. ‘इतर विभागांतही असंच चालतं’ हा बचाव चालणार नाही, असं स्पष्ट वाक्य त्यात हवं. मुदत आकड्यात लिहावी. ऑलिम्पिक चळवळीतल्या संघटनांसाठी २०१८ च्या संघराज्यीय कायद्याने बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा संशय २४ तासांत कळवणं बंधनकारक केलं आहे. तोच आकडा इथे घ्यायला हरकत नाही. ‘योग्य वेळेत’ असा शब्द टाकला की संपलं, प्रत्येक वकील त्याचा वेगळा अर्थ काढतो.

चौकशी स्वतःची हवी, पण पोलिसांच्या पुढे धावायचं नाही. पीडितांच्या मुलाखती क्रीडा चौकशी अधिकाऱ्याने आधी घेतल्या, तर जबाबांतले फरक बचाव पक्षाच्या हाती पडतात आणि मूळ खटलाच कमजोर होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त तीन कामं: ईमेल आणि प्रवेश-नोंदी गोठवायच्या, संशयिताचा इमारतीतला प्रवेश बंद करायचा, सरकारी वकिलाशी बोलून क्रम ठरवायचा. खटला लांबला तरी बाहेरचा निरीक्षक नेमता येतो, ती शिक्षा नव्हे. विद्यापीठाने नेमलेल्या वकिलांचा अहवाल सुरुवातीचा धागा म्हणून वापरावा, निष्कर्ष म्हणून कधीच नाही.

आणि स्वतःहून, वेळेत कळवणाऱ्याला ठरलेली सूट हवी. शिक्षा फक्त मोठी केली आणि कळवण्याचा फायदा काहीच नसला, तर लपवण्याचं आमिष वाढतं. २००१ च्या त्या ईमेलमध्ये हाच हिशेब चालला होता. कळवलं तर आज नक्की बदनामी, नाही कळवलं तर पुढे कधीतरी कदाचित. नियमाने तो हिशेब उलटा करायला हवा.

एनसीएएने काही केलं नाही असं नाही. २०१७ पासून अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि टायटल नाइन (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा कायदा) समन्वयक यांना लैंगिक हिंसेसंबंधीच्या प्रशिक्षणाबद्दल दरवर्षी लेखी ग्वाही द्यावी लागते. २०२० मध्ये भर पडली: हिंसेबद्दल दोषी ठरला असल्यास खेळाडूने ते दरवर्षी कळवायचं. न पाळणाऱ्या विद्यापीठाला राष्ट्रीय स्पर्धांचं यजमानपद मिळत नाही. बस, एवढंच. आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या कलम २१ नुसार हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच्याशी तुलना केली की यजमानपद हुकणं किती हलकं आहे ते दिसतं. वार्षिक ग्वाहीची सहीच शिक्षेला जोडावी. ग्वाही खोटी निघाली तर सही करणाऱ्यावर शो-कॉज आदेश आणि विद्यापीठाच्या महसुलातून ठरावीक हिस्सा रोखणं.

महाराष्ट्रातून मुलंमुली तिकडे शिकायला जातात, काही खेळायलाही. पालकांनी विद्यापीठाचा क्लेरी कायद्याखालचा वार्षिक सुरक्षा अहवाल जरूर उघडावा. तो दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावा लागतो आणि त्यात मागच्या तीन वर्षांचे आकडे असतात. मोठ्या निवासी विद्यापीठाच्या अहवालात लैंगिक गुन्ह्यांच्या रकान्यात ओळीने शून्यं दिसली तर निर्धास्त होऊ नका. तक्रार कुणाकडे करायची, ती पुढे कुणाकडे जाते आणि क्रीडा विभाग त्या साखळीत कुठे येतो, हे लेखी विचारा.